घरचा कॉम्प्युटर स्वतः जोडताना: इंदूरकरांसाठी पहिल्या खेपेचं मार्गदर्शन

"मामा, आय-सेव्हन आहे, सोळा जीबी रॅम आहे, मॉनिटरसकट मिळतोय, तोही नव्याच्या निम्म्या किमतीत. घेऊन टाकू?"

भाच्याचा फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "कितवी जनरेशन?" त्याने फोटो पाठवला. आय-सेव्हन २६००. म्हणजे २०११ सालचा प्रोसेसर, आणि तो ज्या एच६१ मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडायच्या मुख्य पाटीवर, बसवला होता तोही त्याच काळातला. कॅबिनेट मात्र नवंकोरं, काचेचं, रंगीत दिव्यांचं.

पहिल्यांदा कॉम्प्युटर घेणाऱ्यांनी सगळ्यात आधी हेच शिकायला हवं. इंटेलच्या या जुन्या नंबरांतले शेवटचे तीन अंक झाका. उरतो तो जनरेशनचा आकडा. २६०० म्हणजे दुसरी, ४७७० म्हणजे चौथी, १२१०० म्हणजे बारावी. त्या जुन्या आय-सेव्हनमध्ये चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) आहेत. २०२२ मध्ये आलेल्या आय-थ्री १२१०० मध्येही तेवढेच आहेत, आणि तो कितीतरी वेगवान आहे. 'सेव्हन' हा आकडा त्याच्या काळातल्या भावंडांमधला मान सांगतो, आजचा वेग नाही. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझी ताई रामबागेतल्या घरून चार दुकानदारांचं टॅली आणि जीएसटीचं काम बघते. लोकांचे हिशेब आणि बँकेचे पासवर्ड असल्या यंत्रावर ठेवायचे नाहीत, हे मी भाच्याला स्पष्ट सांगितलं.

मग आम्ही दोघांनी मिळून नवा जोडला. दिवसा ताईचं काम, रात्री त्याचा व्हॅलोरंट हा खेळ. त्याच क्रमाने इथे लिहितो आहे.

दुकानात जाण्याआधी कागद आणि पेन

या यंत्राने काय करायचं आहे ते लिहून काढा. टॅली, एक्सेल, ब्राउझरचे वीस टॅब, झूमवरच्या मीटिंगा, थोडं कोडिंग, आणि खेळांमध्ये व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, रॉकेट लीग, जीटीए ५ यांच्यासारखी नावं असतील, तर वेगळं ग्राफिक कार्ड आज घ्यायची गरज नाही. हे खेळ प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर, सेटिंग खाली ठेवून, चांगले चालतात. नवे मोठे खेळ सगळ्या झगमगाटासह हवे असतील तर तो खर्च वेगळा. अशा वेळी अर्धवट कार्ड घेण्यापेक्षा पुढे कार्ड बसू शकेल असं यंत्र आत्ता घ्या.

किमती मी मुद्दाम देत नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचा पुरवठा एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला आणि रॅमचे भाव जोरात चढले. त्याआधीचे "इतक्या हजारांत पूर्ण पीसी" सांगणारे लेख आणि व्हिडिओ आज उपयोगाचे नाहीत. आपलं यंत्र कागदावर ठरवायचं आणि भाव त्याच आठवड्यात विचारायचा.

प्रोसेसर: जी आणि एफ ही दोन अक्षरं

आम्ही एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेतला. २०२१ चा आहे, सहा कोअर आणि बारा थ्रेड, ६५ वॉट, पंखा खोक्यातच मिळतो. शेवटचं 'जी' महत्त्वाचं, कारण त्याचा अर्थ आत ग्राफिक्स आहे. नुसता ५६०० घेतलात तर वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. इंटेलच्या बाजूला उलटी खूण आहे: नंबरामागे 'एफ' असेल तर ग्राफिक्स नाही. आय-थ्री १२१०० किंवा आय-फाइव्ह १२४०० हे एफ नसलेले प्रोसेसर ताईच्या कामाला उत्तम आहेत, पण त्यांच्यातलं ग्राफिक्स खेळांसाठी ५६००जी पेक्षा बरंच कमजोर आहे.

खिसा थोडा सैल असेल तर रायझन ५ ८६००जी बघा. त्याचं ग्राफिक्स आणखी चांगलं आहे. तो एएम५ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायची बोर्डावरची जागा) बसतो आणि हे सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवू असं एएमडीने सांगितलं आहे, म्हणजे बोर्ड न बदलता पुढे नवा प्रोसेसर टाकता येईल. अडचण एवढीच की त्याला डीडीआर५ रॅम लागते आणि बोर्डही महाग पडतो. ५६००जी चं एएम४ सॉकेट आता शेवटाला आलं आहे, पण ते अजून पाच वर्षं घरचं काम निभावेल याबद्दल मला शंका नाही.

आणखी एक. "सोबत चार जीबीचं ग्राफिक कार्ड टाकून देतो" असं कोणी म्हणालं तर कार्डाचं नाव विचारा. जीटी ७३० असेल तर नको म्हणा. ते २०१४ चं कार्ड आहे, आणि ५६००जी च्या आतलं ग्राफिक्स त्याच्याहून बरंच सरस आहे. कार्डावरचे जीबी म्हणजे त्याची ताकद नव्हे.

रॅम: एक नको, दोन

या सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: सोळा जीबीची एक पट्टी घेऊ नका, आठ-आठच्या दोन घ्या. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उचलतं. एक पट्टी म्हणजे एकच वाट. दोन पट्ट्या लावल्या की दोन वाटा उघडतात, आणि खेळातला फरक डोळ्यांना दिसतो. ५६००जी साठी डीडीआर४, ३२०० वेगाची जोडी घ्या, शक्यतो एकाच पाकिटातली. पैसे अगदीच अपुरे असतील तर आज आठची एक आणि दोन महिन्यांनी तशीच दुसरी असं करता येतं. तोवर खेळ अडखळतील, ताईचं टॅली अडणार नाही.

जुनी डीडीआर४ रॅम ओळखीच्या माणसाकडून मिळत असेल तर मला चालते, मात्र मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम रात्रभर लावून तपासून घ्यायची. जुना एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि जुनी हार्ड डिस्क कोणी फुकट दिली तरी नको.

बोर्ड आणि एसएसडी

५६००जी साठी ए५२० किंवा बी५५० बोर्ड. बी४५० चा जुना साठा असेल तर बायोस (यंत्र सुरू करणारा बोर्डातला प्रोग्रॅम) अपडेट करून देणार का, हे आधी विचारा, नाहीतर नवा प्रोसेसर ओळखलाच जाणार नाही. चार रॅम स्लॉटचा बोर्ड मिळाला तर पुढे बरं पडतं.

एसएसडी, म्हणजे फायली साठवायची चिपची डिस्क, एनव्हीएमई प्रकारची, निदान ५०० जीबी. एम.२ आकाराच्या पट्ट्या दोन जातीच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई; पहिली सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते, दुसरी त्याच्या कैक पट जाते. 'जेन ४', म्हणजे डेटा वाहणाऱ्या पीसीआयई वाटेची चौथी पिढी, यासाठी जास्तीचे पैसे इथे घालू नका, कारण ५६००जी स्वतःच पीसीआयई ३ च्या पुढे जात नाही.

एसएमपीएस: जिथे मी एक रुपयाही कापत नाही

कॅबिनेटसोबत 'फुकट' येणारा एसएमपीएस हातात घेऊन बघा. हलका लागतो. वर ४५० वॉट छापलेलं असतं. आता त्याचं लेबल वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात, म्हणून १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत तेवढंच बघायचं आणि गुणायचं. १४ अँपिअर असतील तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॉट. ४५० कुठे गेले? चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ३६ किंवा त्याच्या आसपासचा आकडा दिसतो.

वीज वरखाली झाली, पावसाळ्यात कडकडाट झाला, की पहिला धक्का एसएमपीएस खातो. चांगला असेल तर स्वतः बंद पडतो आणि बाकीचं वाचवतो. वाईट असेल तर जाताना बोर्ड आणि एसएसडी घेऊन जातो, आणि एसएसडीत ताईच्या चार दुकानदारांचं वर्ष असतं. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते अशा) खुणेचा, ४५० ते ५५० वॉटचा, पाच वर्षांच्या आसपास वॉरंटी असलेला एसएमपीएस घ्या. पुढे ग्राफिक कार्ड घेतलं तर त्याला लागणारी आठ पिनची वायर त्यात आहे ना, तेही आत्ताच बघा. त्यासाठी मॉनिटर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी घ्या. मॉनिटर नंतर बदलता येतो.

कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची हवी. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. काचेच्या बंद तोंडाच्या कॅबिनेटमध्ये पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही. दिवे नसले तरी चालतील, पुढे एक आणि मागे एक पंखा हवा.

खरेदी

रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटरची दुकानं एकमेकांना लागून आहेत. तिथे एकच यादी घेऊन तीन दुकानांत जा. प्रत्येक ओळीत कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर असू द्या; "एसएसडी ५०० जीबी" असं मोघम लिहिलेली ओळ कोटेशनमध्ये स्वीकारू नका. दुकानदाराशी बोलणं हिंदीतच होतं, तेव्हा पहिलंच वाक्य हे: "भैया, पक्का बिल बनाइए, सीरियल नंबर के साथ।" पार्टांवर १८ टक्के जीएसटी असतो. कच्च्या चिठ्ठीवर तो वाचल्यासारखा वाटतो, पण वॉरंटीच्या दारात कच्ची चिठ्ठी चालत नाही. ताईसारखं व्यवसायाच्या नावावर घेणार असाल तर बिलावर आपला जीएसटी नंबर घालून घ्या.

प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्या. नुसत्या प्लास्टिकच्या साच्यातला 'ट्रे' प्रोसेसर स्वस्त असतो, पण त्यासोबत पंखा येत नाही आणि वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर असते. ऑनलाइन मागवलंत तर पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्या.

जोडण्याआधी भिंतीतला प्लग तपासा

ही पायरी लोक सोडतात. चालू कॅबिनेटला उघडा हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराला अर्थिंग नाही किंवा ते तुटलं आहे. जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो आणि वरचं भोक आत कशालाच जोडलेलं नसतं. ताईकडे नेमकं हेच निघालं. इलेक्ट्रिशियनला बोलवा. फेज आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरवर जवळपास पूर्ण २३० व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी एखाद-दोन व्होल्ट. ते नीट होईपर्यंत आम्ही खोकी उघडली नाहीत.

ग्राफिक कार्ड नसलेल्या या यंत्राला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. तो साधारण ३६० वॉटचा असतो. पण स्वस्त यूपीएस आणि काही चांगले एसएमपीएस यांचं पटत नाही, बॅटरीवर जाताच यंत्र बंद पडतं. म्हणून आणल्याबरोबर एखादा खेळ चालू ठेवून यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून बघा. बंद पडलं तर बदलून घ्यायला अजून दिवस हातात असतात.

जोडणी

सकाळची वेळ, मोठं टेबल, मध्यम आकाराचा स्टार स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रूसाठी दोन वाट्या. गालिच्यावर बसू नका, सिंथेटिक कपडे नकोत. बोर्डाला हात लावण्याआधी आणि मध्येमध्ये एखाद्या मोठ्या उघड्या लोखंडी वस्तूला हात लावत राहा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. एसएमपीएस जोडलेला असेल आणि आत काही हलवायचं असेल तर प्लग आधी काढा.

बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. सगळं आधी इथे, कॅबिनेटबाहेर, चालू करून बघायचं.

एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात, म्हणून तो फक्त कडांनी धरा. एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण आहे, सॉकेटवरही तसाच आहे. दांडी वर करा, त्रिकोणावर त्रिकोण ठेवा आणि सोडा. प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. बोटाने दाबावा लागत असेल तर थांबा, उचला, पुन्हा बघा. बसला की दांडी खाली. (इंटेल आणि एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात, तिथे सॉकेटच्या आत बोट जाऊ द्यायचं नाही.)

रॅमच्या दोन्ही पट्ट्या, चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या. खाच जुळवून दोन्ही टोकांना दाबा. 'टक्' आवाज येईपर्यंत जोर लागतो, नवखा माणूस इथे घाबरून अर्धवट सोडतो. पडदा काळा राहण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हीच अर्धवट बसलेली रॅम.

एसएसडी तिरपी आत सरकवा, खाली दाबा, छोट्या स्क्रूने बांधा. तो स्क्रू बोर्डाच्या खोक्यातल्या पिशवीत असतो. खोकं रिकामं समजून टाकू नका.

आता पंखा. खोक्यातल्या पंख्याला चार स्क्रू असतात, त्याआधी बोर्डावरचे दोन काळे प्लास्टिकचे कंस काढावे लागतात. ते सोडवताना बोर्डामागची लोखंडी पट्टी हाताने धरा, नाहीतर ती खाली पडते. पेस्ट पंख्याच्या तळाला आधीच लावलेली असते, वेगळी नको. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवर लावा. पुढे कधी हा पंखा काढायची वेळ आली तर आधी यंत्र थोडं चालवून गरम करा, मग बंद करून, प्लग काढून, पंखा हळूच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. सरळ ओढलात तर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

एसएमपीएसची २४ पिनची मोठी वायर आणि वरच्या कोपऱ्यातली आठ पिनची सीपीयूची वायर, दोन्ही जोडा. दुसरी विसरली जाते. मॉनिटरची एचडीएमआय वायर बोर्डाला लावा. मग 'पॉवर स्विच' लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखा फिरला, पडद्यावर बोर्डाच्या कंपनीचं नाव आलं. भाचा ओरडला, ताई स्वयंपाकघरातून धावत आली.

काही दिसलं नाही तर बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (एसएसडी). जो पेटून राहिला तिथे बघा. एएम५ वर पहिल्या वेळी काही मिनिटं पडदा काळाच राहतो, रॅमची जुळवाजुळव चालू असते. घाईने बंद करू नका.

चालतंय हे कळलं की बंद करून कॅबिनेटमध्ये बसवा. मागची पत्र्याची चौकट आधी लावायची, आणि बोर्डाच्या भोकांखाली पितळी खुंट्या आहेत का ते मोजायचं. जिथे भोक नाही तिथे खुंटी उरली तर बोर्ड शॉर्ट होतो. पॉवर बटण आणि दिव्यांच्या बारीक वायरी कुठे लावायच्या याचं चित्र बोर्डाच्या पुस्तिकेत असतं. दिव्यांना प्लस-मायनस असतं, बटणाला नसतं.

बायोस आणि विंडोज

सुरू होताना डिलीट बटण दाबत राहा. बायोसमध्ये तीन गोष्टी करायच्या. एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅमचा छापील वेग लावणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानेच धावत राहते. आतल्या ग्राफिक्ससाठी २ जीबी राखून ठेवा. मग विंडोजमध्ये सोळाऐवजी चौदाच्या आसपास दिसतं, ते बरोबर आहे. आणि एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) आणि सिक्युअर बूट चालू आहेत ना ते बघा, विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्यांच्याशिवाय उघडत नाही.

विंडोजसाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर मीडिया क्रिएशन टूलने तयार करून ठेवा. बसवताना इंटरनेट मागतं. वायफाय ओळखलं नाही तर फोन यूएसबी वायरने जोडून टेदरिंग करा. नंतर पहिलं काम चिपसेट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर, थेट एएमडीच्या साइटवरून. लायसन्स खरं घ्या, शे-दोनशे रुपयांच्या लायसन्स-की नकोत, विशेषतः हिशेबाच्या यंत्रावर. फक्त ब्राउझर आणि ऑफिसचं काम असेल तर लिनक्स मिंट फुकट आणि चांगलं आहे. ताईला टॅली आणि भाच्याला व्हॅलोरंट हवा म्हणून आम्हाला ते जमलं नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड जोडून घ्या, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. ताई आता ग्राहकांना मेल मराठीतच लिहिते.

एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम टाकून तासभर खेळताना तापमान बघा. ५६००जी ची मर्यादा ९५ अंश आहे. खेळताना ७० ते ८० दरम्यान असेल तर मेमध्येही काळजी नाही. ९० ला टेकत असेल तर पंख्याचा एखादा स्क्रू सैल असेल किंवा कॅबिनेट भिंतीला चिकटलं असेल. मागे वीतभर जागा सोडा.

धुळीची जाळी महिन्यातून एकदा धुवा. आणि राजवाड्याच्या आसपास राहत असाल तर रंगपंचमीची गेर (रंग उधळणारी मिरवणूक) निघण्याआधी यंत्र बंद करून त्यावर जाड चादर घाला. गुलाल इतका बारीक असतो की बंद खिडकीतूनही पंख्याच्या पात्यांवर बसतो. दुसऱ्या दिवशी प्लग काढून, पात्यांना बोटाने धरून, ब्लोअर मारायचा. पाती मोकळी गरगर फिरू द्यायची नाहीत. जाळी पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका.